तिसऱ्या एडवर्डच्या काळातली पार्लमेंट प्रत्यक्षात चालायची कशी? (आणि १३७६चं काय?)

बोरूटाक

इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या राज्यकाळाचा (१३२७ ते १३७७) अभ्यास करताना एक गाठ सुटत नाहीये. लढाया, प्लेग, फ्रान्सच्या गादीवरचा दावा, हे सगळं व्यवस्थित मांडलेलं सापडतं. पार्लमेंटचा विषय आला की मात्र ‘राजाने पार्लमेंट बोलावली आणि कर मंजूर करून घेतला’ एवढ्यावर लेखक पुढे सरकतात. या एका वाक्याच्या पोटात काय काय घडत होतं ते हवं आहे.

बोलावणं कसं जायचं, माणसं कोण निवडायचं आणि त्यांचा खर्च कोण सोसायचं? ‘पंधरावा आणि दहावा हिस्सा’ म्हणजे कशाचा हिस्सा? १३७६च्या ‘गुड पार्लमेंट’मध्ये राजाच्या खास माणसांवर महाभियोग चालला, पण वर्ष संपायच्या आत सगळं उलटवलं गेलं. मग इतिहासकार तिला एवढं का मानतात? आणि शेवटची अडचण तारखांची: त्यानंतरची पार्लमेंट कुठे १३७६ची म्हणून दिलेली आहे, तर कुठे १३७७ची. चूक कोणाची?

जुना_दप्तरी

बोलावण्यापासून सुरुवात करतो, निम्मे घोळ तिथेच आहेत.

पार्लमेंट तेव्हा कायम अस्तित्वात असलेली संस्था नव्हती. राजाने बोलावली की भरायची, उठली की संपली. एडवर्डच्या पन्नास वर्षांत ती जवळपास तितक्याच वेळा भरली. सुरुवातीच्या वर्षांत राजा जिथे असेल तिथे, म्हणजे सॉल्झबरी, नॉर्थॅम्प्टन, विंचेस्टर आणि स्कॉटलंडशी लढाई चालू असताना यॉर्क. पुढे बहुतेक वेस्टमिन्स्टरलाच.

हुकूम चॅन्सरीतून (राजाच्या लेखनदप्तरातून) निघत आणि ते दोन तऱ्हेचे असत. बिशप, मोठे मठाधिपती, अर्ल, बॅरन यांना प्रत्येकाला नावाने वेगळा हुकूम जाई. बाकीच्यांसाठी प्रत्येक काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफला एकच हुकूम: काउंटीतून दोन नाइट, प्रत्येक शहरातून दोन नागरिक आणि प्रत्येक बरोमधून (सनद मिळालेल्या गावातून) दोन प्रतिनिधी पाठवा. (आपल्याकडे मुंबईच्या ‘शेरीफ’ला नगरपाल म्हणतात. ते मानाचं पद. हा शेरीफ मात्र वसुली, तुरुंग, न्यायसभा सगळं सांभाळणारा राजाचा जिल्ह्यातला हात होता.) हुकूम निघाल्यापासून पार्लमेंट भरेपर्यंत निदान ४० दिवस असावेत असा दंडक मानला जाई. ३७ काउंट्यांचे ७४ नाइट येत. डरॅम आणि चेशायर यांचा कारभार वेगळा असल्याने तिथून कोणी येत नसे.

निवड काउंटीच्या न्यायसभेत व्हायची. तिथे हजर असलेल्यांनी संमती द्यायची, शेरीफने नावं लिहायची, प्रत्येक नावापुढे हा माणूस नक्की हजर राहील म्हणून जामीनदारांची नावं घालायची आणि हुकूम परत चॅन्सरीकडे पाठवायचा. आता बिघाड कुठे होई ते बघा. न्यायसभा महिन्यातून एकदा भरे, तिथे कोण आलं होतं याची नोंद नसे आणि कागद भरणारा एकटा शेरीफ. त्यामुळे आपल्या मर्जीतलं नाव घालणं त्याला सहज शक्य होतं. १३७२मध्ये नियम झाला की पदावर असलेल्या शेरीफने आणि राजाच्या न्यायालयांत खटले चालवणाऱ्या वकिलांनी निवडून येऊ नये. वकील पार्लमेंटमध्ये येऊन आपल्या अशिलांचे अर्ज सर्वांच्या नावावर खपवतात, अशी तक्रार होती. १३७६मध्ये कॉमन्सनी (काउंट्यांचे नाइट आणि शहर-बरोंचे प्रतिनिधी मिळून ‘कॉमन्स’, नावाने हुकूम जाणारे ते ‘लॉर्ड’) पुन्हा मागणी केली की नाइट काउंटीतल्या चांगल्या माणसांनी निवडावेत, शेरीफने एकट्याने नव्हे. म्हणजे दुखणं गेलेलं नव्हतं. हजर लोकांच्या शिक्क्यांसह करारपत्र जोडायची सक्ती झाली ती १४०६ला, चौथ्या हेन्रीच्या काळात.

‘नाइट’ या शब्दाने फसू नका. काउंटीचे नाइट म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येक जण प्रत्यक्षात नाइट नसत, एस्क्वायर म्हणजे त्याखालच्या दर्जाचे असत.

खर्च: नाइटला दिवसाला ४ शिलिंग, शहर-बरोच्या माणसाला २ शिलिंग (१२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड). पैसे राजा देत नसे, निवडून पाठवणाऱ्या काउंटीने किंवा गावाने द्यायचे. पार्लमेंट उठली की सभासद चॅन्सरीतून भत्त्याचा हुकूम घेई, त्यात येण्याजाण्याचे दिवसही धरलेले असत, आणि तो घरी नेऊन शेरीफच्या हातात देई. १३७६चा हिशेब करून बघा: २८ एप्रिल ते १० जुलै हे दोन्ही टोकं धरून ७४ दिवस. एका नाइटचे २९६ शिलिंग, म्हणजे १४ पौंड १६ शिलिंग. दोघांचे २९ पौंड १२ शिलिंग, प्रवास वेगळा. एवढा भार काउंटीवर पडायचा. छोट्या बरोंना माणूस पाठवणं नकोसं का व्हायचं, ते यावरून कळेल.

लोकरीचा_गठ्ठा

कराचं मी सांगतो.

‘पंधरावा आणि दहावा’ हा जंगम मालमत्तेवरचा कर होता: धान्य, जनावरं, विक्रीचा माल. काउंटीतल्या लोकांकडून पंधरावा हिस्सा, शहरं-बरो आणि राजाच्या जुन्या खासगी जमिनींवरून दहावा. प्रत्येक वेळी नव्याने मोजदाद करायची म्हणजे लपवालपवी आणि मोजणाऱ्यांची चिरीमिरी आलीच. १३३२च्या वसुलीत हे फार झालं, म्हणून १३३४मध्ये वेगळी वाट काढली. राजाच्या माणसांनी गावागावाशी बोलून एक आकडा ठरवला आणि तोच पुढे कायम झाला. सगळ्या इंग्लंडचा मिळून साधारण ३८,००० पौंड. त्यानंतर ‘पंधरावा’ हे फक्त नाव उरलं. गावाने आपला ठरलेला आकडा भरायचा, आपसात कसा वाटून घ्यायचा ते गावाने बघायचं.

यातली गोची १३४८-४९च्या प्लेगनंतर उघडी पडली. माणसं मेली, शेतं पडीक पडली, गावाचा आकडा होता तिथेच राहिला. (जानेवारी १३४९ला बोलावलेली पार्लमेंटही प्लेगमुळेच भरली नाही.) म्हणून पुढची काही वर्षं मजुरांच्या कायद्याखाली जास्त मजुरी घेतल्याबद्दल जे दंड वसूल होत, ते त्या-त्या भागाच्या कराच्या आकड्यातून वळते करून दिले जात. कॉमन्समध्ये बसणारे बहुतेक जण जमीनदार होते, त्यामुळे मजुरीवर बंधन आणि करात सूट या दोन्हींत त्यांचाच फायदा होता.

दुसरा मोठा झरा लोकरीचा. परदेशी जाणाऱ्या लोकरीच्या एका सॅकवर, म्हणजे ३६४ पौंड वजनावर, १२७५पासूनचा जुना कर ६ शिलिंग ८ पेन्स होता. युद्धाच्या काळात त्यावर सॅकमागे ४० शिलिंगांच्या आसपास जादा पट्टी बसू लागली. सुरुवातीला राजा ती व्यापाऱ्यांशी परस्पर ठरवून टाकायचा. व्यापारी खुशीने हो म्हणत, कारण ते तोटा लोकर पिकवणाऱ्याच्या भावातून कापून घेत. ही चलाखी कॉमन्सच्या लक्षात आली, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या रेट्यानंतर १३६२च्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीशिवाय लोकरीवर जादा पट्टी बसवायची नाही असं ठरलं. माझ्या मते या राज्यकाळातली कॉमन्सची ही सगळ्यात मोठी कमाई आहे, १३७६हूनही मोठी.

बिनमोजणीचा कर काय करतो याचा नमुना १३७१चा. ५०,००० पौंड हवे होते, ते दर पॅरिशमागे (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीमागे) ठरावीक रक्कम घेऊन उभे करायचे ठरलं. रक्कम धरली २२ शिलिंग ३ पेन्स. उलटा हिशेब केला तर लक्षात येतं की देशात सुमारे ४५,००० पॅरिश आहेत असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात होत्या त्याच्या पाचव्या हिश्शाच्याही खाली. चूक कळल्यावर जूनमध्ये विंचेस्टरला छोटी बैठक बोलावली आणि दर ११६ शिलिंगांवर नेला, म्हणजे पाचपटीहून अधिक. ५०,००० पौंडांना ११६ शिलिंगांनी भागा, ८,६००च्या थोडं वर उत्तर येईल. तो खरा आकडा. चर्च कारभाराकडे, करवसुलीच्या दप्तराकडे, सगळीकडे याद्या असतानाही कर बसवण्याआधी कोणी बेरीज केली नाही.

जुना_दप्तरी

१३७१चं उदाहरण अगदी नेमकं दिलंत. १३७६मध्ये कॉमन्स एवढे ताठर का झाले याचं मूळ तिथे आहे. कर भरूनही युद्धात हाती काही आलं नाही, उलट होतं ते गेलं.

आता गुड पार्लमेंट. ही २८ एप्रिल १३७६ला वेस्टमिन्स्टरला उघडली. राजा म्हातारा आणि आजारी, थोरला मुलगा ‘ब्लॅक प्रिन्स’ मरणपंथाला लागलेला (पार्लमेंट चालू असतानाच ८ जूनला गेला), त्यामुळे राजाच्या वतीने त्याचा धाकटा मुलगा, लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट बसला. चान्सेलर (चॅन्सरीचा प्रमुख) जॉन निव्हेटने नेहमीप्रमाणे पैसे मागितले आणि कॉमन्सना विचार करायला पाठवलं.

ते बसले वेस्टमिन्स्टर अॅबीच्या चॅप्टर हाऊसमध्ये, म्हणजे मठाच्या सभागृहात. आठ कोनी दालन, मधोमध एक खांब. यॉर्कच्या सेंट मेरी मठातल्या एका बखरीत तिथलं वर्णन आलं आहे आणि ते फार मोलाचं आहे, कारण पार्लमेंटच्या अधिकृत नोंदींच्या गुंडाळ्यांत चर्चा लिहीतच नसत. तिथे फक्त मागणी, उत्तर आणि निर्णय सापडतो. बखर सांगते की आधी सगळ्यांनी शपथ घेतली: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही आणि एकमेकांना धरून राहू. मग दक्षिणेकडचा एक नाइट उठला, मधल्या वाचनपीठापाशी गेला, त्यावर हात टेकून बोलला: राज्य करांनी पिळून निघालं आहे, पैसा राजापर्यंत न पोचता मधल्यांच्या खिशात जातो. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. कोणी कॅलेची (इंग्रजांच्या ताब्यातल्या फ्रेंच किनाऱ्यावरच्या बंदराची) लोकरीची सक्तीची बाजारपेठ डावलल्याचं काढलं, कोणी लॉर्डांपैकी काही जण सल्ल्याला मागून घ्यावेत असं सुचवलं. शेवटी हेरफर्डशायरचा नाइट पीटर द ला मेअर याने सगळ्यांचं म्हणणं नीट जुळवून मांडलं, म्हणून लॉर्डांपुढे बोलायला त्यालाच नेमलं.

पुढचा प्रसंग बारकाईने बघण्यासारखा आहे. ते लॉर्डांकडे गेले तेव्हा काहींना आत घेतलं आणि बाकीच्यांना दारातच अडवलं. द ला मेअरने सगळे आत येईपर्यंत तोंड उघडायला नकार दिला. एकट्यादुकट्याला वेगळं काढून दटावता येतं, जमावाला येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांना आत घेतल्यावरच तो बोलला. मागणी काय, तर चार बिशप, चार अर्ल आणि चार बॅरन आमच्याबरोबर बसायला द्या. ती मान्य झाली. लॉर्डांतला वजनदार गट असा आपल्या बाजूला आणल्यावर आरोप बाहेर आले.

मुख्य आरोपी दोन: राजाचा चेंबरलेन (खासगी महालाचा अधिकारी) विल्यम लॅटिमर आणि लंडनचा व्यापारी रिचर्ड लायन्स. सगळी लोकर कॅलेला जायला हवी असताना दुसरीकडे नेण्याचे परवाने विकले, हा एक आरोप. राजाला २०,००० मार्क कर्ज मिळवून देऊन ३०,००० मार्क फेडीचा बोजा चढवला, हा दुसरा. (मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. १३,३३३ पौंडांचे २०,००० पौंड झाले.) राजाची जुनी देणी पडत्या भावात विकत घेऊन खजिन्यातून पुरी वसूल केली, हा तिसरा. लॅटिमरवर शिवाय सेंट सोव्हर आणि बेशरेल हे किल्ले गमावल्याचा.

लॅटिमरने विचारलं, माझ्यावर फिर्याद कोणाची? प्रश्न कायद्याला धरून होता. फौजदारी खटल्याला नाव घेऊन उभा राहणारा फिर्यादी लागे, आणि अशा माणसाला आरोपीचे मित्र गाठत, धमकावत, फिर्याद फसली तर तो स्वतःच अडकत असे. द ला मेअरने उत्तर दिलं की फिर्याद आम्हा सर्वांची मिळून आहे. महाभियोग जन्मला तो इथे: कॉमन्स एकत्र फिर्यादी, लॉर्ड न्यायाधीश.

बोरूटाक

हे फारच उपयोगी आहे, आभार. दोन शंका. द ला मेअरला ‘पहिला सभापती’ म्हणतात ते बरोबर का? आणि एवढी पक्की बांधणी असूनही सगळं उलटलं कसं?

मोडीवाचक

‘सभापती’ हा शब्द इथे घोटाळा करतो. आजचा सभापती खुर्चीत बसून सभागृह चालवतो. तेव्हाचा स्पीकर सभागृहाच्या वतीने बाहेर जाऊन राजासमोर बोलणारा माणूस. पेशवाईतला ‘वकील’ जसा आपल्या धन्याच्या वतीने दुसऱ्या दरबारात बोले, तसं. त्या अर्थाने द ला मेअर पहिला, कारण पूर्ण पार्लमेंटभर एकाच माणसाने हे काम केल्याचं त्याच्यापासून दिसतं. पार्लमेंटच्या गुंडाळीत त्या पदनामाने उल्लेख झालेला पहिला माणूस पुढच्या पार्लमेंटमधला, विल्टशायरचा टॉमस हंगरफर्ड. तो गाँटचा कारभारी होता. दोन्ही विधानं आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकत्र करू नका.

उलटलं कारण पार्लमेंट उठल्यावर तिचे निर्णय पाळले जातात की नाही हे बघायला कोणीच मागे उरत नसे. कॉमन्सनी राजाभोवती नवं कौन्सिल बसवलं होतं, गाँटने ते शरदात मोडलं. ऑक्टोबरात लॅटिमरला माफी मिळाली, राजाची रखेल अॅलिस पेरर्स दरबारात परतली आणि त्यानंतर द ला मेअर नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात कैदेत गेला. हेच १३४१मध्येही झालं होतं. तेव्हा एडवर्डने एप्रिल-मेमध्ये हिशेब तपासणीची आणि मंत्र्यांच्या शपथेची कलमं मान्य केली आणि ऑक्टोबरात, पैसे पदरात पडल्यावर, आपण मनापासून मान्य केलंच नव्हतं असं सांगून कायदा रद्द केला.

पण फिर्यादीची ती तऱ्हा रद्द करता आली नाही, कारण एकदा वापरून झालेली गोष्ट पुढच्यांना ठाऊक होते. एडवर्ड २१ जून १३७७ला वारला, द ला मेअर सुटला आणि ऑक्टोबरात भरलेल्या नव्या राजाच्या पहिल्या पार्लमेंटमध्ये पुन्हा तोच बोलता माणूस झाला. १३८६मध्ये चान्सेलर मायकेल द ला पोलवर याच वाटेने खटला चालला. शतकं उलटल्यावर वॉरन हेस्टिंग्जवर, ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांशी सालबाईचा तह झाला, १७८८ ते १७९५ खटला चालला तोही कॉमन्स फिर्यादी आणि लॉर्ड न्यायाधीश याच मांडणीत. त्यात तो निर्दोष सुटला. आपल्या राज्यघटनेच्या कलम ६१मध्ये राष्ट्रपतींवरचा आरोप एका सभागृहाने ठेवायचा आणि चौकशी दुसऱ्याने करायची, ही विभागणी त्याच घराण्यातली.

लोकरीचा_गठ्ठा

एक पुस्ती. कॉमन्सनी १३७६ला पंधरावा-दहावा नाकारला, पण लोकरीची पट्टी तीन वर्षांसाठी चालू ठेवली. सगळाच पैसा अडवला असता तर कॅलेची शिबंदी उघडी पडली असती. नाकारलेल्या कराची किंमत जानेवारी १३७७च्या पार्लमेंटने चुकवली: १४ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला, अस्सल भिकारी सोडून, ४ पेन्स डोईपट्टी. गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच दर. हीच डोईपट्टी १३८०मध्ये १२ पेन्सांवर गेली आणि १३८१चा शेतकऱ्यांचा उठाव पेटला. लायन्सचं डोकं त्याच उठावात लंडनमध्ये उडवलं गेलं.

‘आधी गाऱ्हाणी, मग पैसे’ हा तेव्हा पक्का नियम होता असं कुठे वाचलंत तर मानू नका. कर बहुधा शेवटच्या दिवशी मंजूर करायचा, ही रीत होती आणि तिचा दबाव पडे. नियम म्हणून मागणी केली १४०१मध्ये, ती चौथ्या हेन्रीने फेटाळली.

जुना_दप्तरी

अर्जांचं राहिलं. उघडण्याच्या दिवशी अर्ज घेणारे कारकून आणि ते तपासणारे लॉर्ड-न्यायाधीश यांची नावं पुकारली जात. इंग्लंड, आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी एक गट, गास्कनी व समुद्रापलीकडच्या मुलखांसाठी दुसरा. खासगी अर्ज म्हणजे चर्मपत्राची एक आडवी पट्टी, फ्रेंचमध्ये लिहिलेली, आणि तिच्या पाठीवर उत्तर. अर्ज वाचताना पाठ बघितली नाही तर अर्धी गोष्ट हातून जाते.

कॉमन्सच्या सामायिक मागण्या वेगळ्या. त्या एकत्र करून राजाला दिल्या जात. ‘राजाची तशी इच्छा आहे’ म्हणजे मंजूर, ‘राजा विचार करील’ म्हणजे नामंजूर. (ही दोन्ही नॉर्मन फ्रेंच वाक्यं टिकली. पहिलं आजही विधेयकाला संमती देताना उच्चारतात, दुसरं शेवटचं १७०८ला वापरलं गेलं.) मंजूर मागणीचा कायदा मात्र राजाचे न्यायाधीश पार्लमेंट उठल्यावर लिहीत, आणि तिथे शब्द बदलायला वाव असे. ‘मंजूर, पण आमचे विशेष अधिकार राखून’ एवढी एक पुरवणी घातली की मागणीतला जीव गेला. मागणीच्या अर्थाविरुद्ध कायदा लिहिणार नाही असं वचन मिळालं ते १४१४ला, पाचव्या हेन्रीकडून.

मोडीवाचक

आता तारखा. दोन्ही लेखक बरोबर आहेत. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे २७ जानेवारी १३७७ला भरलेली पार्लमेंट त्या काळच्या गणतीत १३७६मध्येच पडते. म्हणून कागदावरचं राज्यवर्ष (राजा गादीवर आल्यापासून मोजलेलं वर्ष) धरा, इसवी सन नको. एडवर्डचं राज्यवर्ष २५ जानेवारीला सुरू होतं. राज्यवर्षात १३२६ मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो सन मिळतो. ५०वं वर्ष २५ जानेवारी १३७६ ते २४ जानेवारी १३७७. गुड पार्लमेंट ५०व्या वर्षातली, पुढची दोन दिवसांच्या फरकाने ५१व्यातली. हुकुमांत दोन वर्षं दिसली, ‘इंग्लंडचं ५०वं, फ्रान्सचं ३७वं’, तर दुसरी गणती १३४०मध्ये फ्रान्सची गादी आपली म्हणून जाहीर केल्यापासूनची आहे. ती पडताळ्यासाठी वापरा, पण १३६० ते १३६९ या काळात त्याने तो किताब सोडला होता, तेव्हाच्या कागदांत ती शोधू नका.

आणि दिवस सणावरून दिलेला असतो. ‘सेंट जॉर्जनंतरचा सोमवार’ असं आलं तर सण २३ एप्रिलचा. १३७६मध्ये तो बुधवारी होता, म्हणजे पुढचा सोमवार २८ एप्रिल. वार काढताना तेव्हा चालू असलेलं ज्युलियन पंचांगच वापरा. आजचं ग्रेगोरियन पंचांग मागे नेलं तर वार एका दिवसाने चुकतो आणि हा हिशेब जुळत नाही.